दोन रात्री, एकच गाव

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक गृहस्थ आठ महिन्यांपासून रेडिंगला प्रोजेक्टवर आहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांची पत्नी पुण्याहून दहा दिवसांसाठी येते आहे. लग्नाला सात वर्षं झाली, चार वर्षांचा मुलगा आजीजवळ पुण्यातच राहणार आहे. त्या दहा दिवसांतले तीन दिवस आणि दोन रात्री दोघांना इंग्लंडच्या खेड्यात घालवायच्या आहेत. त्यांनी यादीही केली आहे: बिबरी, कॅसल कूम, बोर्टन-ऑन-द-वॉटर, स्टो-ऑन-द-वोल्ड, बाथ, ऑक्सफर्ड आणि जमलं तर स्टोनहेंज. गाडी भाड्याने घ्यावी का, कुठल्या गावी राहावं, आणि पत्नी अंडं खाते पण मांस-मासे खात नाही, तिच्या जेवणाचं काय, असे तीन प्रश्न आहेत.

मी चेल्टनहॅमला सोळा वर्षं राहते आणि गेली बारा वर्षं आपल्याकडून येणाऱ्या लोकांच्या छोट्या सहली आखून देते. बहुतेक वेळा दोघांच्याच. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण तुमच्या प्रश्नात खरी अडचण वेगळीच दिसते आहे, आधी तिच्याबद्दल बोलू या.

तुम्ही दोघं आठ महिने एका घरात राहिलेले नाहीत. रोज फोनवर बोलत असाल, पण ते बोलणं मुलाची शाळा, त्याचा खोकला, घराचा हप्ता, आईची तब्येत असंच असतं. आता अचानक तीन दिवस फक्त दोघं. अशा वेळी माणूस यादी करतो, कारण रिकाम्या वेळाची थोडी भीती वाटते. सात ठिकाणं असली की पुढे काय करायचं हा प्रश्न पडत नाही. पण तुमच्यासारख्या जोडप्यांना नंतर विचारलं तर ती सांगतात की लक्षात राहिलं ते कुठल्या तरी भिंतीवर बसून खाल्लेलं सफरचंद, किंवा पाऊस थांबेपर्यंत चर्चच्या देवडीत काढलेला अर्धा तास. एका दिवसात आठ गावं केलेल्या एका जोडप्याला मी संध्याकाळी विचारलं, काय आवडलं? दोघांनीही आधी पार्किंगचं सांगितलं: कुठे मिळालं, कुठे नाही, मशीनला कार्ड कसं चाललं नाही. तेव्हापासून मी दोन रात्रींसाठी एकापेक्षा जास्त गाव सुचवणं बंद केलं.

तुमच्या यादीचा नकाशाही बघा. तुमच्या यादीतली खेडी ज्यात येतात तो कॉट्सवोल्ड्स हा संरक्षित निसर्गप्रदेश सुमारे २,००० चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे मुंबईच्या तिपटीहून मोठा. बोर्टन आणि स्टो उत्तरेला, कॅसल कूम खाली विल्टशरमध्ये, आणि स्टोनहेंज त्याहूनही पुढे सॅलिसबरीजवळ. बाथ आणि ऑक्सफर्ड ही तर शहरं आहेत, रेडिंगहून रेल्वेने एका दिवसात जाऊन येण्यासारखी. ती त्या दहा दिवसांतल्या वेगळ्या दिवशी करा. बिबरीतली आर्लिंग्टन रो, म्हणजे फोटोत दिसणारी ती उतरत्या छपरांची घरांची रांग, मुळात १४ व्या शतकातलं मठाचं लोकरीचं कोठार होतं. १७ व्या शतकात तिथे विणकरांची घरं झाली. जागा सुंदरच आहे. पण दुपारी तिथे बसगाड्यांतून उतरलेली गर्दी असते आणि लोकांच्या राहत्या घरांसमोर आपण फोटोसाठी रांगेत उभे असतो. दोघांना एकांत हवा असेल तर दुपारी अकरा ते चार या वेळेत बिबरी आणि बोर्टन टाळावीत.

आता गाडी. तुमचा भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून बारा महिने चालतो, तेव्हा कायद्याची अडचण नाही. तरीही माझं मत 'नको' असंच आहे. इथल्या गावांमधले रस्ते एका गाडीपुरते असतात, दोन्ही बाजूंना दगडी गडगे नाहीतर उंच कुंपण, आणि समोरून ट्रॅक्टर आला की मागच्या रुंद जागेपर्यंत रिव्हर्स जावं लागतं. सवय नसेल तर एकाचे डोळे सतत रस्त्यावर आणि दुसऱ्याचे फोनच्या नकाशावर. ज्या माणसाला आठ महिन्यांनी भेटलात त्याच्याकडे बघायलाच मिळत नाही. शिवाय संध्याकाळी जेवताना ग्लासभर वाइन घ्यावीशी वाटली तर एकाला मन मारावं लागतं, आणि अंधार पडला की त्या रस्त्यांवर दिवे नसतात. सोबत वयस्कर आईवडील असते, कुणाचे गुडघे दुखत असते किंवा वहिनींना दिवस गेलेले असते, तर मी नक्की गाडी घ्या म्हटलं असतं. तुम्हाला गरज नाही.

कारण तुम्ही रेडिंगला आहात, आणि रेडिंगहून मोर्टन-इन-मार्शला थेट रेल्वेगाडी आहे. साधारण सव्वा तास. ऑक्सफर्ड मागे पडलं की खिडकीतून दिसणारी जमीन बदलायला लागते, विटांची घरं संपून दगडी घरं सुरू होतात. दोघांनी मिळून प्रवास करायचं एक रेलकार्ड मिळतं, 'टू टुगेदर' नावाचं. दोघांचे फोटो एकाच कार्डावर असतात आणि तिकिटात एक-तृतीयांश सवलत मिळते, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही. बाथ आणि ऑक्सफर्डच्या फेऱ्याही त्याच कार्डावर करा, पैसे सहज वसूल होतील.

मोर्टनहून पुढे चिपिंग कॅम्पडन गाठा, साधारण बारा किलोमीटर. बस आहे, पण फेऱ्या मोजक्या, म्हणून आदल्या आठवड्यातच स्थानिक टॅक्सी फोन करून ठरवून ठेवा. स्टेशनबाहेर टॅक्सी उभी असेल असं गृहीत धरू नका. ॲपवरच्या गाड्यांवरही भिस्त ठेवू नका. मी ज्यांना ज्यांना इथे पाठवलं त्यातला सगळ्यात जास्त मनस्ताप याच एका गोष्टीने झालाय.

चिपिंग कॅम्पडनच का? 'चिपिंग' म्हणजे बाजार. लोकरीच्या व्यापारावर वाढलेलं हे गाव म्हणजे जवळजवळ एकच लांब, किंचित वळत गेलेली सडक. ती वळण घेते म्हणून पुढचं घर एकदम दिसत नाही, हळूहळू समोर येतं. मधोमध १६२७ साली बांधलेली बाजाराची कमानीदार वास्तू आहे. तिच्या आतली फरसबंदी शतकानुशतकांच्या पावलांनी खालीवर झालेली आहे, उंच टाचा घालून जाऊ नका. घरांचा दगड मधाच्या रंगाचा. तो चुनखडीचा दगड जवळून बघा, माशाच्या गाबोळीसारखे बारीक गोल दाणे एकमेकांना चिकटलेले दिसतील. त्याला हा पिवळेपणा लोहामुळे येतो. पाऊस पडून गेला की भिंतींचा रंग गडद होतो आणि मग ऊन आलं तर सगळी सडक आतून उजळल्यासारखी दिसते. ऑक्टोबरमध्ये पाऊस येणारच, तेव्हा हे दृश्य तुम्हाला दिसण्याची शक्यता चांगली आहे.

गावात दुकानं आहेत, पब आहेत, बेकरी आहे, आणि सगळं पायी दहा मिनिटांत. फोटोंमधली अतिप्रसिद्ध खेडी इतकी लहान असतात की संध्याकाळी पाचनंतर तिथे जेवायलाही जागा सापडत नाही. दोन रात्री एका जागी काढायच्या तर गाव थोडं मोठं हवं.

कॅम्पडनच्या सेंट जेम्स चर्चमध्ये अर्धा तास नक्की द्या. देव कुठला याचा विचार करू नका, बघायला जा. वेदीजवळ जमिनीत विल्यम ग्रेव्हेल या लोकरीच्या व्यापाऱ्याचा आणि त्याची बायको मॅरियन हिचा पितळी पत्रा बसवलेला आहे. तो १४०१ साली वारला. दोघं शेजारी शेजारी, हात जोडलेले. पण मी लोकांना मुद्दाम नेते ते बाजूच्या छोट्या दालनात. तिथे लेडी ज्युलियाना आणि तिचा नवरा एडवर्ड नोएल यांचे संगमरवरी पुतळे आहेत. तो १६४३ मध्ये यादवी युद्धाच्या काळात गेला. तिने १६६४ मध्ये हे स्मारक करवून घेतलं, एकवीस वर्षांनी, आणि स्वतः त्यानंतरही १६८० पर्यंत जगली. थडग्याची काळी दारं उघडलेली आहेत आणि आतून दोघं कफन पांघरूनच बाहेर येताहेत, हातात हात धरून. म्हणजे ही बाई पुढची सोळा वर्षं या चर्चमध्ये येत होती आणि स्वतःचा हात त्याच्या हातात दिलेला बघत होती. इथे मी कुणालाच काही समजावत बसत नाही, मागे राहते. बहुतेक जोडपी नकळत एकमेकांच्या जवळ सरकतात.

राहायला हॉटेलपेक्षा बी अँड बी, म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता देणारं घर, किंवा जुनं इन, म्हणजे राहायच्या खोल्या असलेला पब, बघा. बुकिंग करताना चार गोष्टी फोनवर किंवा ईमेलने विचारून घ्या, वेबसाइटच्या फोटोंवर जाऊ नका. खोली पबच्या बरोबर वर आहे का, कारण असेल तर अकरापर्यंत खालचा आवाज येतो. डबल बेड म्हणजे खरोखर एक गादी आहे, की दोन सिंगल बेड चेन लावून जोडलेले आहेत. दुसऱ्या प्रकारात मधली फट रात्रभर टोचते. जिना किती अरुंद आणि चढा आहे, कारण जुन्या घरांत लिफ्ट नसते आणि तुळया डोक्याला लागतील इतक्या खाली असतात. आणि खोलीत वायफाय नीट पोचतं का. हा शेवटचा प्रश्न तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे येतेच.

वार जमत असतील तर बुधवार ते शुक्रवार घ्या, तीन दिवस रजा टाकावी लागली तरी चालेल. शनिवारची रात्र धरली की बरीच ठिकाणं दोन रात्रींची अट घालतात आणि भाव चढलेले असतात. त्यातून मोठं कारण जेवणाचं आहे. सात-आठ वर्षांपूर्वी नाशिकच्या एका जोडप्याला मी रविवारी संध्याकाळी एका गावात पोचेल असं वेळापत्रक करून दिलं. रविवारी दुपारी पबमध्ये रोस्टचं मोठं जेवण असतं आणि त्यानंतर अनेक ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं, हे मला माहीत असूनही मी तपासलं नाही. ती दोघं सातला खाली उतरली तेव्हा खायला काहीच नव्हतं, आणि गावातलं दुकानही बंद. त्यांनी खोलीतल्या चहाबरोबरची बिस्किटं खाल्ली आणि मला फोन केला. मी चेल्टनहॅमहून डब्यात मुगाची खिचडी घेऊन रात्री नऊला पोचले. तेव्हापासून मी प्रत्येक रात्रीच्या जेवणाचं टेबल आधी राखून ठेवते, आणि तुम्हीही ठेवा. पबचं स्वयंपाकघर साधारण सहा ते नऊ चालतं, दुपारी बारा ते अडीच. पुण्यातल्यासारखं साडेनऊला जेवायला उतरलात तर उपाशी झोपाल. सोमवार-मंगळवार काही जागा पूर्ण बंद असतात.

वहिनींच्या जेवणाची काळजी करण्यासारखं आता फार राहिलेलं नाही. प्रत्येक मेनूवर शाकाहारी पदार्थांपुढे खूण असते आणि दोन-तीन पदार्थ मिळतातच. फक्त काही गोष्टी विचारायची सवय ठेवा: सूप चिकनच्या पाण्यात केलंय का, चिप्स कुठल्या तेलात किंवा चरबीत तळतात, आणि पुडिंगमध्ये जिलेटिन किंवा सुएट, म्हणजे गुरांची चरबी, आहे का. चीजच्या बाबतीत कटाक्ष असेल तर काही पारंपरिक चीजना वासराच्या पोटातलं रेनेट लागतं, तेही विचारता येतं. सकाळी शाकाहारी इंग्लिश ब्रेकफास्ट मागा: अंडी, मशरूम, भाजलेला टोमॅटो, बीन्स, टोस्ट. तो खाल्ला की दुपारी दोनपर्यंत भूक लागत नाही. आणि एक दुपार क्रीम टीसाठी राखा: गरम स्कोन, जॅम, घट्ट साय आणि चहाची किटली. तो दुपारचाच प्रकार आहे, संध्याकाळी मागितलात तर मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी चाला. हा माझ्या सगळ्या सल्ल्याचा गाभा आहे. समोरासमोर बसलं की जे बोलता येत नाही ते शेजारी शेजारी चालताना बोललं जातं. नजर पुढे वाटेवर असते, मध्येच गप्प राहिलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. इंग्लंडमध्ये शेतांतून, कुरणांतून, कधी कुणाच्या अंगणाच्या कडेने जाणाऱ्या पायवाटांवर चालायचा सगळ्यांना कायदेशीर हक्क आहे. खांबावर पिवळा बाण असेल तर ती पायी चालणाऱ्यांची वाट, निळा असेल तर घोडा आणि सायकलही चालते. पहिल्या वेळी आपल्या लोकांना दुसऱ्याच्या शेतात शिरायला संकोच वाटतो. बिनधास्त शिरा, फक्त फाटक जसं होतं तसं लावून घ्या आणि मेंढ्यांच्या मधून धावू नका.

वाट अशी आहे. कॅम्पडनच्या बाजाराजवळून 'कॉट्सवोल्ड वे' सुरू होते. ती पुढे १०२ मैल बाथपर्यंत जाते. तुम्ही तिचे पहिले सहा मैल, म्हणजे सुमारे दहा किलोमीटर, ब्रॉडवे गावापर्यंत चालायचे. पहिल्या मैलाच्या शेवटी डोव्हर्स हिल येते. १६१२ पासून या टेकडीवर खेळांची जत्रा भरवली जाते, मधली काही वर्षं खंड पडला तरी परंपरा आजही चालू आहे. ऑक्टोबरमध्ये तिथे कुणी नसतं. टेकडीच्या कडेला आलं की जमीन एकदम खाली जाते आणि ईव्हशॅमचं खोरं पसरलेलं दिसतं. इथे थर्मास उघडा. पुढे सपाट पठारी वाट, मग ब्रॉडवे टॉवर. १८ व्या शतकाच्या अखेरीस लेडी कॉव्हेंट्रीसाठी हा मनोरा बांधला. टेकडीवर पेटवलेला जाळ वुस्टरजवळच्या आपल्या घरून दिसतो का, हे तिला बघायचं होतं असं सांगतात. समुद्रसपाटीपासून हा माथा ३१२ मीटरवर आहे. हवा स्वच्छ असेल तर वेल्सच्या डोंगररांगा दिसतात. तिथून ब्रॉडवेपर्यंत सरळ उतार, ओल्या गवतावर घसरायला होतं, तेव्हा घाई नको. थांबत, बसत गेलात तर चार तास धरा. परतीसाठी ब्रॉडवेहून टॅक्सी आधीच सांगून ठेवा.

या वाटेवर तुम्हाला एक खास प्रकारचं फाटक लागेल. इंग्रजीत त्याला 'किसिंग गेट' म्हणतात. अर्धगोल कठड्याच्या आत एक झुलतं दार असतं, ते दोन्ही टोकांना नुसतं टेकतं, म्हणून ते नाव. गुरांना त्यातून जाता येत नाही आणि माणसांनाही एकावेळी एकालाच: तुम्ही कठड्यात शिरायचं, दार मागे ढकलायचं, मग पलीकडे निघायचं. रीत अशी पडली आहे की जो आधी पार होतो त्याने दार धरून ठेवायचं आणि मागच्याने चुंबन दिल्याशिवाय सोडायचं नाही. सांगलीचं साठीच्या आसपासचं एक जोडपं माझ्याबरोबर होतं. मी ही रीत सांगितली, काका पुढे गेले आणि दार धरून उभे राहिले, काहीच न बोलता. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग मी पाठ फिरवून मेंढ्या बघत राहिले. त्यानंतरची सगळी वाट काकूंनी त्यांचा हात सोडला नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात असं चारचौघांत पहिल्यांदाच झालं, असं त्यांनी मला रात्री सांगितलं.

चालायचं म्हटल्यावर पायातलं नीट हवं. ऑक्टोबर हीटमधून निघालेल्या माणसाला इथल्या १२-१४ अंशांचा अंदाज येत नाही, आणि या मातीचा चिखल बुटाला थापीसारखा चिकटतो. पांढरे स्पोर्ट्स शूज नकोत. वहिनींसाठी पाणी न शिरणारे साधे बूट इथेच घ्या, पुण्याहून आणायची गरज नाही. छत्री टेकडीवरच्या वाऱ्यात उलटते, टोपीचा रेनकोट घ्या. सॅकमध्ये दशम्या आणि लसणाची चटणी असेल तर डोव्हर्स हिलवर त्यांची चव वेगळीच लागते. पुण्याहून येताना पेढे-बर्फी मात्र आणू देऊ नका, दुधाच्या पदार्थांना इथे विमानतळावर बंदी आहे.

तिसऱ्या दिवशी उशिरा ब्रेकफास्ट करा आणि परतीच्या वाटेवर एकच जागा बघा. दोन पर्याय आहेत. झाडं आवडत असतील तर मोर्टनपासून दीड-दोन मैलांवर बॅट्सफर्डचं वृक्षउद्यान. जपानमध्ये राजनैतिक नोकरी केलेल्या एका उमरावाने १९ व्या शतकाच्या शेवटी ते वाढवलं. ऑक्टोबरमध्ये तिथले जपानी मेपल लालभडक झालेले असतात, झाडीत एक ब्राँझचा बुद्धही बसलेला आहे. दुसरी जागा सेझिन्कोट, आणि ती आपल्या माणसाने एकदा तरी बघावी. ईस्ट इंडिया कंपनीत बंगालमध्ये पैसा कमावून आलेल्या चार्ल्स कॉकरेलने आपल्या वास्तुविशारद भावाकडून १८०५ च्या सुमारास इथे घर बांधून घेतलं, मुघल पद्धतीचं. इंग्लिश हिरवळीच्या मधोमध तांब्याचा हिरवा पडलेला कांदेघुमट, छज्जे, कमानी. बागेत भारत हिंडून चित्रं काढलेल्या थॉमस डॅनियलचा हात आहे: ओढ्यावरच्या पुलावर नंदी, वर सूर्याचं छोटं देऊळ, तळ्यात नाग. हे सगळं ज्या पैशातून उभं राहिलं त्याचा विचार तिथे मनात येतोच, आणि तो यावा. पण धुक्यात एवढ्या लांब नंदी दिसला की पोटात काहीतरी हलतं, तेही खरं. बाग आठवड्यातले मोजके दिवस आणि दुपारीच उघडी असते, जाण्याआधी वेळ बघून घ्या. बंद असली तरी जवळच्या बोर्टन-ऑन-द-हिल गावातून निघणारी सार्वजनिक पायवाट इस्टेटीतून जाते आणि तिच्यावरून घर दिसतं. त्यासाठी सामान पाठीवरच्या सॅकेत मावेल इतकंच आणा, म्हणजे तिथूनच मोर्टनचं स्टेशन गाठता येईल.

आता वायफायचं. तुमचा मुलगा रात्री साडेआठला झोपत असेल असं धरते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत इथे आणि पुण्यात साडेचार तासांचा फरक असतो, म्हणजे त्याचे साडेआठ तेव्हा तुमचे दुपारचे चार. तीनही दिवस चार वाजता तुम्ही चांगल्या वायफायजवळ असा, दोघं एकत्र. या खोऱ्यांमध्ये मोबाइलचं नेटवर्क मध्येच जातं, टेकडीवरून फोन करू असं ठरवू नका. मी मुलांना घरी ठेवून आलेल्या बऱ्याच आया पाहिल्या आहेत. फोनची वेळ ठरलेली नसेल तर त्या दिवसभर अर्ध्या मनाने तिकडेच असतात, दर अर्ध्या तासाने मेसेज बघतात, आणि नवऱ्याला वाटतं हिचं लक्ष नाही. वेळ ठरलेली असली की चारपर्यंतचा दिवस मोकळा आणि चारनंतरची संध्याकाळही मोकळी. आजीलाही आधी सांगून ठेवा, त्यांचीही धाकधूक कमी होते. दुसऱ्या दिवशी साडेनऊला चालायला निघालात, ब्रॉडवेला जेवलात, तर चारला सहज खोलीवर असाल. सूर्य त्या आठवड्यात साडेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे फोन झाल्यावर गावातून एक फेरी मारण्याइतका उजेडही उरतो.

तर आतापर्यंतचं थोडक्यात: गाडी नको, रेडिंगहून मोर्टन, तिथून ठरवलेल्या टॅक्सीने कॅम्पडन, बुधवार-गुरुवारच्या रात्री, जेवणाची टेबलं राखलेली, गुरुवारी चाल, शुक्रवारी सेझिन्कोट किंवा बॅट्सफर्ड, रोज चारला फोन. बाकी वेळ मोकळा सोडा.

यातलं काय बदलू शकतं तेही सांगते. वहिनींना चालण्यात रस नसेल, संगीत, दुकानं, गरम पाण्याची कुंडं यात जास्त रमत असतील, तर खेडं हट्टाने निवडू नका. बाथला दोन रात्री राहा, तिथेही एकांत मिळतो. तारीख पुढे ढकलून नोव्हेंबरच्या शेवटाकडे गेली तर चारला अंधार पडतो, मग लांब चाल सोडून लाकडं जळणारी शेगडी असलेलं छोटं कॉटेज घ्या आणि स्वतः स्वयंपाक करा. आणि पहिले दोन-तीन दिवस ही सहल नको. पुण्याहून आलेल्या माणसाला पहाटे तीन-चारला जाग येते आणि रात्री आठला डोळे मिटायला लागतात. शेवटचे दोन दिवसही नकोत, तेव्हा मन बॅगा आणि निरोपात गुंतलेलं असतं. त्या आल्यापासून चौथा ते सहावा दिवस सगळ्यात बरा.

शेवटची एक विनंती. ही सगळी आखणी त्यांच्यासाठी सरप्राइज म्हणून ठेवू नका. मुलाला ठेवून येणाऱ्या बाईला कुठे झोपणार, किती वाजता फोन लागेल, काय घालायचं हे आधी माहीत असलेलं बरं वाटतं. हे उत्तर त्यांना वाचायला द्या आणि दहा किलोमीटर झेपतील का ते त्यांनाच विचारा. जास्त वाटलं तर कॅम्पडनहून डोव्हर्स हिलपर्यंत जाऊन परत येणं दोन तासांत होतं, किंवा एका मैलावरच्या ब्रॉड कॅम्पडनपर्यंत शेतातून जाणारी सपाट वाट आहे. कलेतिहासकार आनंद कुमारस्वामी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या गावातल्या एका जुन्या चॅपलचं घर करून राहिले होते. तारखा ठरल्या की कळवा, त्या आठवड्यातली बसची आणि बागेची वेळ बघून सांगते.